एकोणीस दात्यांवरचं कुंकू

१

मेमरीच्या पट्टीला एका बाजूला एकशेवीस सोनेरी दाते असतात, एकमेकांपासून एकेक मिलिमीटरवर. देवयानीनं भिंगाखाली पाहिलं तेव्हा त्यांतल्या एकोणीस दात्यांवर कुंकू होतं. तेलात कालवलेलं, दाट, दात्यांच्या अगदी टोकापर्यंत पसरलेलं. प्रत्येक दात्यावरच्या कुंकवातून एक बारीक सोनेरी रेघ सरळ वर गेली होती. एकच रेघ.

तिनं पट्टी टिपकागदावर ठेवली आणि हात धुऊन आली.  सकाळपासून तिच्या कानावर बरंच काही पडलं होतं.

सोलापुरातल्या एका खाजगी महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागात एक बारा वर्षांचा जुना संगणक होता. स्पेक्ट्रोमीटरचं सॉफ्टवेअर फक्त त्याच्यावरच चालायचं, म्हणून त्याला टाकता येत नव्हतं, आणि तो इतका रखडायचा की ठेवताही येत नव्हतं. शेवटी देवयानीनं मेमरी वाढवून घ्यायचं ठरवलं. गुरुवारी दुकानदार विरुपाक्षनं दोन-दोन जीबीच्या जुन्या पट्ट्या काढून चार-चारच्या नव्या बसवल्या. देवयानीनं स्वतः दोन तास चाचणी चालवली. आठ जीबी, एकही चूक नाही. शुक्रवारी खंडेनवमीची पूजा झाली. दसऱ्याची सुट्टी संपवून सोमवारी सगळे परतले, तर संगणकाचा पडदा काळा आणि आतून लांबलचक शिट्टी.

प्राचार्य यज्ञेश्वर सर फेरीवर होते, ते शिट्टी ऐकून आत आले. त्यांच्या मागोमाग अवधूत. अवधूत देवयानीसारखाच याच विभागात शिकवायचा, तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, बोलायला मऊ.

"खंडेनवमीला चंद्रव्वानं संगणकाच्या पेटीला कुंकू फासलं होतं, सर," तो म्हणाला. "आत गेलं असणार. नवी मेमरी जळाली."

प्राचार्यांना एवढंच हवं होतं. चंद्रव्वा ही प्रयोगशाळेची मदतनीस, अकरा-अकरा महिन्यांच्या नेमणुकीवर नऊ वर्षं टिकलेली. त्या जागेवर त्यांना आपल्या ओळखीतलं कुणी बसवायचं होतं, हे साऱ्या इमारतीला ठाऊक होतं.

"देवयानी मॅडम, उद्या बारापर्यंत लेखी अहवाल द्या. पूजेच्या कुंकवामुळं यंत्र निकामी झालं. एवढं एक वाक्य पुरे. तिची पुढची ऑर्डर मी काढत नाही."

ते गेल्यावर देवयानीनं पेटी उघडली होती. आत बोटभर धूळ, पंख्याला चिकटलेली पालीची दोन फुटकी अंडी, आणि हा डाग. नुसत्या डोळ्यांना अवधूतचं म्हणणं खरं वाटावं असा.

पण पट्टी बसलेली असते तेव्हा तिचे दाते खोबणीत पूर्ण लपलेले असतात. पूजेचं कुंकू तिथं पोचायला वाटच नाही. आणि ती रेघ खोबणीतल्या स्प्रिंगची होती. स्प्रिंगनं कुंकू खरवडलं, म्हणजे कुंकू आधी लागलं आणि पट्टी नंतर आत गेली.

पूजेनंतर कुणीतरी ही पट्टी हातात धरली होती.

२

चंद्रव्वा व्हरांड्यात स्टुलावर बसली होती. बातमी तिच्यापर्यंत पोचलेली होती.

"मॅडम, देवाच्यान सांगते, मी पेटी उघडली न्हाय. मला कुटं उघडता येती? घरातल्या मिक्सरचं झाकण मला धड लागत न्हाय."

"ते राहू द्या. कुंकू कुठं कुठं लावलं, तेवढं सांगा."

"तुमीच म्हनला व्हता की, कोरडं कुंकू पंख्यातनं आत जातंय म्हनून. तवापासनं खोबऱ्याच्या तेलात कालवून लावते. वर मधोमध एक बोट. आन मागं हायेत त्या समद्या इस्क्रूंना एकेक टिकली."

"स्क्रूंना कशाला?"

चंद्रव्वानं तिच्याकडं नवलानं पाहिलं. "येवढं मोठं यंत्र त्येंच्याच जीवावर उबं ऱ्हातंय की. त्येंचं कुनी करायचं?"

"एखादा राहिला असेल?"

"ऱ्हायला असता तर मला झोप लागली असती व्हय? पूजा आटपली आन मी मंद्रूपची यष्टी धरली. लेकीकडं. आज सकाळीच आले." तिनं पदरानं नाक पुसलं. "मॅडम, लेक बाळंतपनाला यायची हाय दिवाळीत. ह्या पगारावर तिला आनते म्हनले मी. आता काय सांगू तिला?"

देवयानीला धीर द्यायचे शब्द कधी नीट जमत नसत. ती आत गेली आणि संगणक भिंतीपासून ओढून मागची बाजू पाहिली. अकरा स्क्रू. नऊंवर लाल टिकल्या वाळून बसलेल्या. बाजूचा पत्रा धरून ठेवणारे दोन स्क्रू मात्र पुसलेले, त्यांच्या कडांना नुसता लाल ओघळ.

हे दोन स्क्रू सकाळी तिनंच काढले होते. तिनं आपला स्क्रूड्रायव्हर उजेडाला धरला. टोक लखलखीत. पांढऱ्या कापसावर घासून पाहिलं, कापूस पांढराच राहिला. म्हणजे तिनं हात लावण्याआधीच टिकल्या गेलेल्या होत्या, दुसऱ्या कुणाच्या बोटांवर.

आता राहिला जळाल्याचा प्रश्न. विरुपाक्षनं काढलेल्या जुन्या पट्ट्या तिच्या खणात कागदात गुंडाळून होत्या. तिनं खोबणी ब्रशनं झाडून त्या बसवल्या आणि बटण दाबलं.

एकच छोटा बीप. मग पडद्यावर अक्षरं.

यंत्राला काहीही झालं नव्हतं.

३

"अजून त्याच्यातच का डोकं घालून बसलीयस?"

अवधूत दोन कप चहा घेऊन आला होता. टेबलावर स्पेक्ट्रोमीटरच्या क्युव्हेट वाळत ठेवलेल्या होत्या, द्रावण मोजायच्या चौकोनी नळ्या. त्यांच्या दोन बाजू खरबरीत असतात, धरण्यासाठी, आणि दोन नितळ, प्रकाश जाण्यासाठी. पहिल्या वर्षाच्या पोरांनाही पहिल्या दिवशी हे सांगतात. अवधूतनं जागा करायला एक नळी उचलली ती बरोबर नितळ बाजूंनी, आणि बाजूला ठेवली. दोन्ही अंगांवर बोटांचे चरबट ठसे उमटले. सहा वर्षं तो असंच धरत होता, आणि सहा वर्षं ती काही न बोलता मागून पुसत होती.

"जुन्या पट्ट्यांवर चालतंय," ती म्हणाली.

"मग झालं की. जुन्यावरच चालव, आणि सरांना हवं ते वाक्य लिहून टाक." त्यानं चहाचा मोठा भुरका घेतला. "मदतनीस बाईसाठी प्राचार्यांशी वाकडं घेणार आहेस? दिवाळीनंतर माझी आई तुझ्याकडं येते म्हणतेय. तुला विचारून दोन वर्षं झाली देवयानी, मी काही घाई करत नाही. पण एकदा काय ते बोल ना."

दोन वर्षं ती गप्प होती हे खरं. माणूस निर्व्यसनी, शांत, घर सात रस्ता चौकाजवळ, आई प्रेमळ. नकार द्यायला तिच्याकडं कारण नव्हतं, आणि हो म्हणायला जीभ उचलत नव्हती. सगळ्या स्टाफनं मात्र परस्पर ठरवून टाकलं होतं. विभागाच्या सहलीत दोघांना शेजारची खुर्ची मिळायची.

"बघू," ती नेहमीसारखी म्हणाली. तो गेल्यावर तिनं नळी स्पिरिटनं पुसली. चहा तसाच बेसिनमध्ये ओतला.

मग तिनं कुंकू लागलेल्या पट्ट्या घेतल्या. दाते खोडरबरनं हलके घासले, स्पिरिटनं पुसले, वाळू दिले. एक पट्टी पहिल्या खोबणीत. लांब शिट्टी. तीच दुसऱ्या खोबणीत. शिट्टी. दुसरी पट्टी, पहिली खोबण, दुसरी खोबण. चारही वेळा तेच.

दाते स्वच्छ, खोबणी चांगल्या, यंत्र ठणठणीत. दोन्ही पट्ट्या एकाच दिवशी मेल्या म्हणायच्या का? देवयानीला असे योगायोग पटत नसत. तिनं पट्टी पुन्हा भिंगाखाली धरली आणि दाते सोडून या वेळी वरच्या काळ्या चिपा मोजल्या.

गुरुवारी विरुपाक्षनं बसवल्या त्या पट्ट्यांवर आठ चिपा होत्या. मोजायची तिला सवयच होती. या पट्टीवर नऊ होत्या, आणि मधोमध आणखी एक चपटी.

मेमरी बिघडली नव्हती. मेमरी बदलली होती.

४

विरुपाक्षचं दुकान नवी पेठेत एका जिन्याखाली होतं. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, समोर उघडी पडलेली चार यंत्रं. प्राचार्यांनी फोन करून त्यालाही बोल लावला होता.

"या मॅडम. तुमचे साहेब मला चोर म्हनले. जुना माल गळ्यात मारला म्हनले. पुन्याहून आठ दिवस फोन करून मागवली व्हती मी ती मेमरी. ही जात आता मिळत न्हाई की कुटं."

देवयानीनं दात्यांवरच्या लाल डागाचं सांगत कागदात गुंडाळलेली पट्टी पुढं केली. त्यानं पट्टीकडं दोन सेकंद पाहिलं.

"ही माझी न्हाई."

"कशावरून?"

"माझ्या मालावर माझ्या सहीचं स्टिकर असतंय. आन ही साध्या मशीनची न्हाईच, सर्व्हरची हाय. ही मधली चपटी दिसली का? हिची खाच तीच, लांबी तीच, म्हनून खटकन बसती. पन साध्या मशीनला ही चालत न्हाई. नुसती बोंब मारती."

"बसवणाऱ्याला हे माहीत नसेल?"

"माहीत असतं तर कशाला बसवली असती? त्येला वाटलं, चार लिवलंय, चार भरली, कुनाला काय कळतंय." त्यानं पट्टी वर उचलली, दोन्ही अंगठ्यांनी फक्त कडांना धरून. "ह्येला लाल डाग व्हता म्हनताव, तो कुटं?"

देवयानीनं दाखवलं. "एकोणीस दात्यांवर. एकोणीस मिलिमीटर."

विरुपाक्षनं आपला अंगठा तिथं टेकवला. बरोबर मावला. मग त्यानं तो झटकन मागं घेतला, जणू दुसऱ्याच्या उष्ट्या ताटात हात गेला होता.

"शी. दाते धरून दाबलीय. असा मानूस माझ्या दुकानात एक दिवस टिकायचा न्हाई."

परतताना देवयानीच्या डोळ्यांसमोर दुसरंच काही येत होतं: काचेच्या नितळ अंगावर उमटलेले ठसे. तिनं तो विचार बाजूला सारला. सवय हा पुरावा नव्हे. सर्व्हरची मेमरी सोलापुरात रस्त्यावर पडलेली नसते, ती कुठून आली ते आधी पाहायचं होतं.

आणि कॉलेजात जुना सर्व्हर एकच होता, भंगाराच्या खोलीत, कुलपाआड.

५

भंगाराच्या खोलीची किल्ली कार्यालयात असायची आणि नेणाऱ्याला वहीत सही करावी लागायची. कारकून मल्लिकार्जुननं वही पुढं सरकवली.

"जुना माल बाद करणाऱ्या निर्लेखन समितीशिवाय कोण जातंय तिथं, मॅडम. उंदरांचं लग्न लागलेलं असतंय आत."

शेवटची सही शुक्रवारची, दुपारी सव्वादोनची. देवयानीनं ती वाचली, वहीचा फोटो काढला, स्वतःची सही केली आणि किल्ली घेतली.

खोलीत उंदरांच्या मुताचा दर्प नाकाला झोंबला. सर्व्हरचं झाकण नुसतं टेकवलेलं होतं. भंगाराच्या यादीत त्याच्या चार पट्ट्या लिहिलेल्या, आत दोनच. त्या दोन धुळीनं करड्या पडलेल्या, आणि शेजारच्या दोन रिकाम्या खोबणी आतून काळ्याभोर, स्वच्छ. धुळीचा एक कण नाही. तीन-चार दिवसांपूर्वी रिकाम्या झालेल्या खोबणी अशाच दिसतात.

शुक्रवारी दुपारी दोन वाजता पूजा आटोपली तेव्हा अवधूतच म्हणाला होता, तुम्ही सगळे निघा, प्रयोगशाळेला कुलूप मी लावतो. तिला ते त्याचं सौजन्य वाटलं होतं. तिनं आभारही मानले होते.

संशयाच्या यादीत अजून एक नाव होतं. संशोधन करणारी विद्यार्थिनी शिवलीला हिनं गेल्या आठवड्यात जुन्या पट्ट्या मागितल्या होत्या, आणि तिच्याकडंही प्रयोगशाळेची किल्ली होती. देवयानीनं तिला ग्रंथालयात गाठलं.

"मी गुरुवारी रात्रीच बार्शीला गेले, मॅडम. शनिवारी संध्याकाळी आले. आणि माझ्या त्या खटाऱ्याला चारची पट्टी चालतच नाही, दोनचीच लागते. म्हणून तर तुमच्या काढलेल्या मागितल्या." मग ती हसली. "त्यापेक्षा अवधूत सरांच्या घरी जाऊन टायपिंग करणं बरं झालंय आता."

"तू त्यांच्या घरी टायपिंग करतेस?"

"दर रविवारी. त्यांचे पेपर, त्यांच्या पुस्तकाची प्रकरणं. माझ्या प्रबंधावर सही हवी ना त्यांची." ती हे सहज बोलली, रिक्षाचं भाडं सांगावं तसं. "आधी काय रखडायचा त्यांचा कॉम्प्युटर, आपल्या लॅबमधल्यासारखाच. काल बघितलं तर नुसता पळतोय. मी विचारलं तर म्हणाले, दसऱ्याला सोनं लुटलं."

देवयानीला आठवलं, महिन्यापूर्वी त्यानं आपल्या रखडणाऱ्या संगणकाचं रडगाणं गायलं होतं, आणि तिनंच सांगितलं होतं की मेमरी वाढव, आठ कर, लॅबच्या आणि तुझ्या मेमरीची जात एकच आहे. तिनं नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले. किळस गेली नाही.

६

दुसऱ्या दिवशी बाराला प्राचार्यांच्या खोलीत चौघं होते. प्राचार्य, अवधूत, दाराशी उभी चंद्रव्वा, आणि देवयानी. तिच्या हातात दीड पानाचा अहवाल होता. प्राचार्यांनी हात पुढं केला, पण तिनं तो दिला नाही. वाचून दाखवला.

ती वर्गात सिद्धता सांगते तशी सांगत गेली. बसलेल्या पट्टीच्या दात्यांना कुंकू लागू शकत नाही, म्हणून पूजेनंतर पट्टी बाहेर होती. स्क्रूंवरच्या टिकल्या आपण पेटी उघडण्याआधीच पुसल्या होत्या, म्हणून पेटी आधी दुसऱ्या कुणी उघडली. त्याच बोटांनी त्यानं पट्टी दात्यांना धरून दाबली. नव्या पट्ट्या गायब, त्यांच्या जागी सर्व्हरच्या. सर्व्हर भंगाराच्या खोलीत. त्या खोलीची किल्ली शुक्रवारी सव्वादोनला एकाच माणसानं नेली. प्रयोगशाळेला कुलूपही त्यानंच लावलं. चंद्रव्वा त्या वेळी मंद्रूपच्या एसटीत होती, आणि भंगाराची किल्ली तिला कुणी दिलीच नसती.

"कोणी नेली किल्ली?" प्राचार्यांनी विचारलं, जरी त्यांचे डोळे आधीच अवधूतकडं वळले होते.

अवधूत हसला. ते हसू तिनं पूर्वी अनेकदा पाहिलं होतं. ते लाजरं आहे असं तिला वाटायचं.

"काय एवढा बाऊ करतेस देवयानी. मला वाटलं त्या पट्ट्या चालतील. भंगारात सडतच होत्या. तुझ्या लॅबमध्ये फक्त महिन्यातून चार रीडिंग घ्यायची असतात, मला रोज पुस्तकाचं काम. घरी आहेत, उद्या आणून देतो."

"आणि चंद्रव्वाचं?"

"तिचं काय? तिला कुणी चोर थोडंच म्हणत होतं. अडाणीपणानं झालं, एवढंच म्हणालो. अशा बायकांना चार घरची कामं मिळतात की."

 दाराशी उभ्या चंद्रव्वानं अवधूतकडं पाहिलं, आणि मग खाली, त्याच्या बोटांकडं.

प्राचार्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांचा आवाज घरगुती झाला होता.

"हे बघा मॅडम. चंद्रव्वाची ऑर्डर मी काढतो, आजच काढतो, बास? पण हा कागद फाडा. 'तांत्रिक बिघाड' असं दोन शब्दांत लिहून द्या. व्यवस्थापनापर्यंत गेलं तर अवधूतच्या नोकरीवर येईल. आणि नवऱ्याच्या नोकरीवर कोण बायको घाला घालते? घरातली गोष्ट आहे, घरात मिटवा. दिवाळीनंतर आम्हाला तुमच्या लग्नाचं जेवायचंय."

अवधूतनं मान खाली घातली, पण ती शरमेनं नव्हे. तो वाट बघत होता. त्याला खात्री होती की ती आता 'बघू' म्हणेल.

त्या खात्रीचीच तिला सगळ्यात जास्त घाण वाटली. दोन वर्षं तिनं काहीच न बोलून ती त्याला पुरवली होती. तिचं गप्प बसणं सगळ्यांनी होकार समजून घेतलं होतं, आणि आज त्याच होकाराच्या आधारावर चंद्रव्वाची नऊ वर्षं दोन शब्दांत गुंडाळायला निघाले होते. ऑर्डर आज निघाली तरी फायलीत कुंकवाचा ठपका तसाच राहणार, आणि अकरा महिन्यांनी तो पुन्हा वर येणार.

तिनं अहवालाची एक प्रत प्राचार्यांसमोर ठेवली. दुसरी चंद्रव्वाच्या हातात दिली.

"ही जपून ठेवा. तिसरी मी सकाळीच व्यवस्थापनाकडं पोचती केलीय."

प्राचार्य उठून उभे राहिले. "अहो, पण तुमच्या होणाऱ्या—"

"सर, ते तुम्ही गृहीत धरलंय." ती अवधूतकडं वळली. तिचा आवाज नेहमीइतकाच हळू होता, पण खोलीत सगळ्यांना ऐकू गेला. "अवधूत, दोन वर्षांपूर्वी तू विचारलं होतंस, आणि मी उत्तर टाळत आले. चूक माझीच. माझं उत्तर नाही. मी तुझ्याशी लग्न करणार नाही."